शिंगरांचीं हाडें आणि एक औषध

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आठवड्यांतून एका ठराविक सकाळीं एक लहानसा विधि होत असतो. घरांतील वडील बाई उपाशीं पोटीं एक गोळी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेतात, आणि मग अर्धा तास त्या आडव्या होत नाहींत, कीं चहाचा घोट घेत नाहींत. उतारवयांत ठिसूळ झालेलीं हाडें आणखी झिजूं नयेत म्हणून डॉक्टरांनीं ती गोळी दिलेली असते. त्या गोळीच्या कुळाला बिस्फॉस्फोनेट असें नांव आहे. नांव जिभेला जड आहे खरें. पण या महिन्याचा आमचा विषय त्यावांचून सांगतां येत नाहीं, तेव्हां वाचकांनीं तें एकदां सावकाश उच्चारून पाहावें. साठीच्या पुढच्या बाईला हितकारक ठरलेलें हेंच औषध शर्यतीसाठीं वाढविलेल्या, पुरतीं दोन वर्षेंही न भरलेल्या शिंगरांस टोंचलें जात असल्याचा बोभाटा अमेरिकेंत झाला, आणि त्यावरून तिकडे कित्येक वर्षें वाद चालला आहे.

आम्हांस शर्यतींचा नाद नाहीं. पैजेच्या पैशावर कोणाची चूल नेमानें पेटलेली आम्हीं पाहिलेली नाहीं. तथापि महालक्ष्मीच्या मैदानावर किंवा पुण्याच्या कॅम्पांत भरधांव जाणारा घोडा ज्यानें एकदां पाहिला, त्याला त्या जनावराविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. आणि या प्रकरणांत सुई त्यालाच टोंचली जाते व पायही त्याचाच मोडतो.

या औषधाचा पूर्वेतिहास मौजेचा आहे. हीं द्रव्यें रसायनशास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकांतच तयार केलीं होतीं. पण त्यांचा उपयोग वैद्यकांत नसून कारखान्यांत होई. जड पाणी तापविलें कीं बंबाच्या पोटांत पांढरा थर धरतो, हें विहिरीचें पाणी वापरणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तो थर चुन्याचा. नळांत व यंत्रांत तो धरूं नये म्हणून पाण्यांत असलीं द्रव्यें घालीत. पुढें १९६० नंतरच्या दशकांत स्वित्झर्लंडांतील हर्बर्ट फ्लाइश या संशोधकांच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या शरीरांतही याच जातीचें एक द्रव्य निसर्गतः असतें व तें नको तेथें चुना सांचूं देत नाहीं. बिस्फॉस्फोनेटें हीं त्या नैसर्गिक द्रव्याचीं भावंडें. भेद इतकाच कीं, शरीराला तीं मोडून टाकतां येत नाहींत. १९६९ सालीं फ्लाइश व त्यांचे सहकारी यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, तीं हाडांतील चुन्याला चिकटून बसतात आणि हाड झिजण्याची क्रिया मंद करतात. बंबाचें औषध तें असें हाडाचें झालें.

आतां हाड झिजणें म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. सगळा तंटा याच एका क्रियापदापाशीं आहे. शाळेंतील मुलांना हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तु वाटते, कारण तीं तें सांगाड्यांतच पाहतात. जिवंत शरीरांतलें हाड हें सदैव दुरुस्तीला काढलेल्या जुन्या वाड्यासारखें असतें. त्यांत दोन जातींच्या पेशी राबत असतात. एका जातीच्या पेशी बेलदारांप्रमाणें जुनें, तडकलेलें हाड खणून काढतात. दुसऱ्या जातीच्या पेशी गवंड्यांप्रमाणें मागून येऊन ती जागा नव्या हाडानें भरतात. माणसांत एका जागचें खणणें सुमारें ३ आठवड्यांत आटोपतें. भरण्याला मात्र ३-४ महिने लागतात. उतारवयांत, विशेषतः स्त्रियांत, बेलदार फार आणि गवंडी थोडे असें होऊन बसतें. म्हणून बेलदारांस आवरणारें औषध तेथें उपकारक ठरतें. औषध हाडांत दबा धरून बसतें, बेलदार पेशी तें हाड खाऊं लागली कीं तिच्या पोटांत जातें, आणि ती निकामी होते.

पण जेथें वाडा अजून बांधून व्हावयाचा आहे तेथें बेलदारांस रजा दिली तर? कोवळ्या वयांत हाड नुसतें लांब होत नाहीं. तें घडत असतें. त्याच्या टोंकाशीं मऊ कूर्चेचा थर वाढतो. आमच्या वैद्यकांत त्याला तरुणास्थि म्हणतात. नांव किती समर्पक आहे पाहा. या थराचें पक्कें हाड होण्यापूर्वीं त्याचा कांहीं भाग खणून काढावाच लागतो. शिवाय ज्या बाजूस भार पडतो त्या बाजूस हाड दाट होतें, व जेथें भार नाहीं तेथून तें काढून घेतलें जातें. हा नियम जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं ग्रंथरूपानें मांडला. घडविणें हें नुसत्या भर घालण्यानें होत नाहीं, कांहीं तासून टाकावें लागतें, हें मूर्तिकाराला सांगावें लागत नाहीं. घोड्यांच्या मालकांस मात्र तें पुनःपुन्हां सांगावें लागलेलें दिसतें.

वोल्फ यांच्या नियमाची खरी कसोटी शर्यतीच्या घोड्याच्या पुढच्या पायांत लागते. ४५०-५०० किलोंचें जनावर तासाला ६० किलोमीटरांच्या वेगानें धांवतें, आणि भरधांव चालींत एका क्षणीं त्याचा सारा भार एकाच पुढच्या पायावर येतो. गुडघ्याखालीं त्या पायाला मांस जवळजवळ नाहींच. सुश्रुतानें हाडांचे जे पांच प्रकार सांगितले आहेत त्यांपैकीं नलक या प्रकारांतलें हें हाड. मराठींतही आपण त्याला नळीच म्हणतों. शिंगराला पहिल्यानें भरधांव सोडूं लागले कीं नळीच्या पुढच्या अंगास ताण बसतो, बारीक चिरा पडतात, पाय दुखतो व सुजतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे डेव्हिड न्यूनामेकर यांनीं या दुखण्याचा पुष्कळ वर्षें अभ्यास केला. त्यांच्या अभ्यासाचें सार असें कीं, हाड अद्याप त्या कामाजोगें घडलेलें नसतें म्हणून तें थकतें. थोड्या अंतराची पण वेगाची दौड बेताबेतानें देत गेलें, तर नळी त्या दौडीच्या मापानें स्वतःला घडवून घेते. आणि दुखणें उमटलेंच, तर जाणता चाबुकस्वार काम थांबवून शिंगराला कुरणांत सोडतो व बेलदार-गवंड्यांस त्यांचें काम करूं देतो.

यांत खर्च होतो तो वेळेचा, आणि शर्यतीच्या धंद्यांत वेळेइतकी महाग वस्तु दुसरी नाहीं. उत्तर गोलार्धांत या जातीच्या प्रत्येक घोड्याचें वय १ जानेवारीस एका वर्षानें वाढलें असें धरतात, मग तो जन्मला कोणत्याही महिन्यांत असो. म्हणजे एप्रिलांत जन्मलेलें शिंगरूं ज्या दिवशीं कागदावर २ वर्षांचें होतें, त्या दिवशीं तें २० महिन्यांचेंच असतें. तरी २ वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती आहेतच. आणि जगप्रसिद्ध केंटकी डर्बींत तर ३ वर्षांचेच घोडे धांवतात. तें वर्ष चुकलें तें चुकलें. त्या घोड्याला ती शर्यत जन्मांत पुन्हां मिळावयाची नाहीं.

शर्यतीच्याही आधीं लिलाव येतो. केंटकींत दरवर्षीं सप्टेंबरच्या सुमारास वर्ष-दीड वर्षांच्या शिंगरांचे मोठे लिलाव होतात. गिऱ्हाईक वंशावळ पाहतें, चाल पाहतें, आणि आपल्या विश्वासाच्या अश्ववैद्याकडून क्ष-किरणांचीं चित्रें तपासून घेतें. त्या चित्रांत घोट्याच्या मागें दोन लहान हाडें दिसतात. पाश्चात्य शारीरांत त्यांचें नांव तिळावरून पडलें आहे, म्हणून आपण त्यांस तिलास्थि म्हणूं. या तिलास्थींत रक्तवाहिन्यांच्या वाटा रुंद झालेल्या दिसल्या, तर वैद्य मान हलवितो आणि शिंगराची किंमत उतरते. सोप्या पण धोक्याच्या युक्तीचा उगम येथें आहे. हाड खणणाऱ्या पेशी लिलावाआधीं कांहीं महिने थांबवून ठेविल्या, तर चित्र स्वच्छ येईल, असा हिशेब कांहीं विक्रेत्यांनीं केल्याचा आरोप आहे.

औषध हाताशीं होतेंच. २०१४ सालीं अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें घोड्यांसाठीं दोन बिस्फॉस्फोनेटांस परवाना दिला: टिल्ड्रेन या नांवानें विकलें जाणारें टिलुड्रोनेट, आणि ऑस्फॉस या नांवानें विकलें जाणारें क्लोड्रोनेट. पहिलें शिरेंतून सावकाश सोडावें लागतें. दुसरें स्नायूंत टोंचतां येतें, म्हणून तें विशेष सोयीचें. परवाना कशासाठीं होता तेंही पाहावें. घोड्याच्या खुरांत होडीच्या आकाराचें एक इवलेंसें हाड असतें. त्याच्या विकारानें प्रौढ घोडे लंगडूं लागतात. त्या लंगडण्यावर, व तेंही ४ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या घोड्यांस, एवढाच तो परवाना. लहान घोड्यांत औषधाची निर्धोकता तपासलेली नाहीं, वाढत्या हाडांवर त्याचा परिणाम होऊं शकेल, गाभण व पाजत्या घोडीस तें देऊं नये, हें औषधाबरोबरच्या कागदावर छापलेलें आहे. वाचणारास तेवढें पुरेसें होतें.

मग तें शिंगरांपर्यंत पोंचलें कसें? अमेरिकेच्या १९९४ च्या एका कायद्यान्वयें पशुवैद्यास अशी मुभा आहे कीं, परवान्यांत न सांगितलेल्या रोगावर किंवा वयांत तो आपल्या जबाबदारीवर औषध देऊं शकतो. मुभा मुळांत शहाणपणाची आहे. कुत्र्यापासून हत्तीपर्यंत प्रत्येक जनावराच्या प्रत्येक रोगासाठीं निराळा परवाना कोण काढीत बसणार? ती नसती तर कित्येक मुक्या जिवांस औषधच मिळालें नसतें. पण ती मुभा रोग्याच्या हितासाठीं आहे. रोग बरा व्हावा म्हणून नव्हे, तर तो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडूं नये म्हणून दिलेल्या औषधाला उपचार हा शब्द लावण्यास आमची लेखणी तयार होत नाहीं.

धोक्यांपैकीं कांहीं तात्काळ दिसतात. टोंचल्यानंतर लौकरच घोड्याला पोटशूळ उठूं शकतो. मूत्रपिंडांवर भार पडतो. आणि शर्यतीच्या पागेंत सूज व वेदना दाबणारीं औषधें नेहमींच्या वापरांतलीं असल्यामुळें दोन्ही एकत्र आलीं कीं मूत्रपिंडांचा धोका वाढतो. पण हे धोके निदान डोळ्यांस दिसतात व डॉक्टर जागा असेल तर आवरतांही येतात. खरी भीति हाडाच्या आंतली आहे. दौडींत पडलेल्या बारीक चिरा खणून काढणाराच निकामी झाला, तर भरणारा कोठें भरणार? त्यांतच हें औषध दुखणेंही कांहीं अंशीं कमी करतें. ज्या लंगडण्यानें मोतद्दाराला सकाळीं कळावयाचें कीं आज याला बाहेर काढूं नये, तें लंगडणें नाहींसें होतें आणि घोडा पुन्हां दौडीस निघतो. केंटकींतील नामांकित अश्वशल्यवैद्य लॅरी ब्रॅमलेज यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, एरवीं ठराविक मुदतींत भरून येणारे अस्थिभंग कांहीं तरुण घोड्यांत वेळेवर भरून येईनासे झालेले त्यांच्या पाहण्यांत आले, व त्यांचा संशय या औषधावर होता.

माणसांतही याचे दाखले आहेत. वर्षानुवर्षें हें औषध घेतलेल्यांपैकीं फार थोड्यांस मांडीचें हाड क्षुल्लक कारणानें मोडण्याचा प्रसंग येतो. २०१० सालीं अमेरिकेच्या त्याच खात्यानें तशी सूचना औषधाबरोबर छापावयास लाविली. हें वाचून कोणी घरांतील आजीबाईंची गोळी परस्पर बंद करूं नये, अशी आमची हात जोडून विनंती आहे. त्यांच्या वयांत कमरेचें हाड मोडण्याचा धोका या विरळा धोक्याहून पुष्कळ मोठा असतो, आणि गोळी किती वर्षें घ्यावयाची हें त्यांचे डॉक्टर ठरवितात. मुलांतही जन्मतः ठिसूळ हाडांच्या रोगावर ही औषधें जाणते वैद्य वापरतात, व त्यांनीं मुलांची हाडें मोडण्याचें कमी होतें. परंतु २००३ सालीं अमेरिकेंतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांत १२ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याला या जातीचें औषध मोठ्या प्रमाणांत व दीर्घ काळ दिलें गेलें होतें. त्याचीं हाडें क्ष-किरणांत संगमरवरासारखीं दाट दिसूं लागलीं, आकारानें बिघडलीं, आणि तीं दाट असूनही मोडण्याजोगीं झालीं. खणणाऱ्या पेशींस जन्मतः काम करतां न येणें हा एक निराळा, भयंकर रोग आहे. त्याची प्रतिमा औषधानें निर्माण झाली. वाढत्या वयांत हें द्रव्य किती जपून वापरावें, याला याहून स्पष्ट पुरावा आम्हांस आढळला नाहीं.

औषध एकदां हाडांत शिरलें कीं बाहेर किती दिवसांनीं पडतें, हा पुढचा प्रश्न. आजीबाईंच्या गोळ्यांपैकीं ॲलेंड्रोनेट या द्रव्याचा हाडांतील अंश निम्म्यावर येण्यास १० वर्षांहून अधिक काळ लागतो. घोड्यांविषयीं हाँगकाँगहून २०२१ सालीं एक संशोधन प्रसिद्ध झालें. त्या शहरांत घोड्यांची पैदास होत नाहीं. सगळे घोडे बाहेरून येतात आणि त्यांच्या प्रत्येक औषधाची नोंद राहते. म्हणून तेथें हें पाहतां आलें कीं, टिलुड्रोनेटाची शेवटची मात्रा दिल्यावर ३ वर्षें उलटून गेलीं तरी तें घोड्याच्या रक्तांत व लघवींत सांपडतें. शर्यतीच्या घोड्याचें मैदानावरचें आयुष्य बहुधा याहून फारसें मोठें नसतें.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही सांगितलें पाहिजे. या औषधानें तरुण घोड्यांचे पाय मोडतात असें निःसंशय सिद्ध करणारा मोठा अभ्यास झालेला नाहीं. व्यायाम दिलेल्या तरुण मेंढ्यांवर क्लोड्रोनेटाचा एक प्रयोग झाला, त्यांत तर हाडांच्या उलाढालीवर मोजतां येण्यासारखा परिणाम दिसला नाहीं. २०१८ च्या डिसेंबराच्या अखेरीपासून २०१९ च्या जूनपर्यंत कॅलिफोर्नियांतील सांता अनिता या मैदानावर ३० घोडे मेले, तेव्हां कित्येकांनीं या औषधाकडे बोट दाखविलें. पण त्या मृत्यूंचें कारण तेंच, असें ठरलें नाहीं. त्या हिंवाळ्यांत तेथें पाऊस विलक्षण पडला होता व मैदानाच्या मातीविषयींही शंका होत्या. हें सारें आम्ही मान्य करतों. मात्र पुराव्याचा भार कोणी उचलावयाचा, याविषयीं आमचें मत ठाम आहे. निरोगी, वाढत्या जिवाला ज्या औषधाची गरज नाहीं, तें निर्धोक असल्याचें टोंचणारानें दाखवावें. तें घातक असल्याचें पाय मोडलेल्या घोड्यानें दाखवावें, हा उलटा न्याय झाला. आणि औषध परिणामच करीत नसेल, तर तें विकत घेऊन टोंचण्याची दगदग तरी कशासाठीं?

नियम झाले, पण थोडे उशिरानें व तुकड्यातुकड्यांनीं. ब्रिटनच्या शर्यतनियमांप्रमाणें साडेतीन वर्षें पुरीं होण्याआधीं घोड्याला हें औषध देतां येत नाहीं, आणि पुढें दिलें तरी ३० दिवस तो शर्यतींत उतरूं शकत नाहीं. अमेरिकेंत २०१९ सालीं कीनलँड, फॅसिग-टिप्टन यांसारख्या मोठ्या लिलावसंस्थांनीं ४ वर्षांखालील विकाऊ घोड्यांस हें औषध देण्यास मनाई केली. घेणारानें मागणी केल्यास रक्त तपासतात, आणि औषध सांपडलें तर त्याला व्यवहार मोडतां येतो. २०२० च्या कायद्यानें अमेरिकेंतल्या शर्यतींसाठीं एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, व मे २०२३ पासून लागू झालेल्या तिच्या औषधविषयक नियमांत बिस्फॉस्फोनेटें निषिद्ध द्रव्यांत घातलीं गेलीं.

या शेवटच्या नियमांत एक फट राहिली आहे. घोडा त्या संस्थेच्या अमलाखालीं येतो तो त्याची वेळ नोंदलेली पहिली दौड झाल्यावर. त्याआधींचें त्याचें सारें बालपण, म्हणजे हाडें घडण्याचा मुख्य काळ, पैदास करणाराच्या कुरणांत आणि दलालाच्या पागेंत जातें. लिलावांत रक्ताची तपासणी होते ती कोणी मागितली तर. आणि खाजगी व्यवहारांत विकलेल्या शिंगराला तर लिलावाचा नियमही लागत नाहीं. तें एका हातांतून दुसऱ्या हातांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जातें. ज्याच्याविषयीं कोणी विचारलेंच नाहीं अशा शिंगराला वर्षाचें असतांना काय टोंचलें होतें, हें तें तीन वर्षांचें होऊन सुटण्याच्या फाटकापाशीं उभें राहतें तेव्हां त्याच्या मालकाला, वैद्याला किंवा पाठीवर बसलेल्या जॉकीलाही ठाऊक नसतें.